गारुडीण झाली जलदेवता

मत्स्यकन्या म्हटली कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें बहुधा उत्तर यूरोपचा समुद्र उभा राहतो. कमरेपर्यंत सुंदर तरुणी, कमरेखालीं माशाची खवलेदार शेपटी, हातांत आरसा आणि फणी, बसावयास लाटांनीं झिजलेला एखादा खडक. डेन्मार्कचा कथाकार हान्स क्रिस्तियन अँडरसन यानें १८३७ सालीं तिची कथा प्रसिद्ध केली. कोपनहेगनच्या बंदरांत १९१३ सालीं तिचा ब्राँझचा पुतळा बसला. अमेरिकेंतील डिस्ने कंपनीनें १९८९ सालीं तिच्यावर बोलपट काढला, आणि तेव्हांपासून ती मुलांच्या दप्तरांवर व पाण्याच्या बाटल्यांवरहि जाऊन बसली. ही झाली करमणुकीची मत्स्यकन्या. तिची कोणी पूजा करीत नाहीं कीं तिला कोणी नवस बोलत नाहीं.

जिच्यापुढें अत्तराच्या कुप्या आणि आरसे मांडले जातात, जिच्या नांवानें आजहि माणसांच्या अंगांत वारें येतें, अशी मत्स्यकन्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिचें नांव मामी वाटा. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया, कामेरून, काँगो अशा अनेक देशांत ती लोकांच्या परिचयाची आहे. या देवतेचें जें रूप विसाव्या शतकांत सर्वांत अधिक पसरलें, त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. तें रूप कोणा आफ्रिकी मूर्तिकारानें प्रथम कल्पिलें नव्हतें. जर्मनींतील हँबुर्ग शहरांत एका खेळाच्या जाहिरातीसाठीं तें छापलें गेलें. आणि सुमारें सत्तर वर्षांनीं त्याच्या हजारों प्रती पुन्हां छापून निघाल्या त्या आपल्या मुंबईंत. एका तसबिरीचा हा प्रवास नीट पाहिला, तर लोकप्रिय चित्रें जगांत कशीं हिंडतात, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे तीं घेणारीं माणसें त्यांचें काय करतात, हें समजूं लागतें.

यूरोपांतील मत्स्यकन्येचें पूर्वचरित्र थोडक्यांत पाहिलेलें बरें. आरंभीं तिचा माशाशीं संबंध नव्हता. होमरच्या काव्यांतील सायरन खलाशांना गाण्यानें भुलवितात, पण त्यांच्या शरीराचें वर्णन कवीनें केलेलें नाहीं. ग्रीक चित्रकारांनीं त्यांना पक्ष्याचें धड आणि स्त्रीचें मुख दिलें. माशाची शेपटी त्यांना मिळाली ती मध्ययुगांत. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'लिबेर मॉन्स्त्रोरुम' या लॅटिन ग्रंथांत ती स्पष्ट दिसते. पुढें चर्चच्या खांबांवर आणि बांकांवर आरसा-फणी घेतलेली मत्स्यकन्या कोरली जाऊं लागली. धर्मोपदेशकांच्या लेखीं ती गर्वाची आणि मोहाची खूण होती. खलाशांच्या लेखीं मात्र ती समुद्रावरची सोबतीण होती, आणि जहाजाच्या अग्रभागीं बसविलेली लाकडी मूर्ति होऊन ती त्यांच्याबरोबर परमुलुखांत जाऊं लागली.

हीं जहाजें पंधराव्या शतकांत गिनीच्या किनाऱ्याला लागलीं. पोर्तुगिजांनीं १४८२ सालीं आजच्या घाना देशांतील एल्मिना येथें आपला किल्ला बांधला. आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरील सापी कारागीर त्यांच्यासाठीं हस्तिदंताचीं सुरेख मिठाचीं पात्रें कोरून देत असत. १४९० ते १५३० या काळांतल्या या कोरीव कामांत यूरोपीय मत्स्यकन्याहि आढळते. पण याचा अर्थ असा नव्हे कीं जलदेवतेची कल्पना त्या लोकांनीं परक्यांकडून घेतली. नद्या, खाड्या आणि समुद्र यांच्या अधिष्ठात्या देवता तेथें आधींपासूनच नांदत होत्या. योरुबा आणि एदो लोकांत ओलोकुन ही समुद्राची आणि समृद्धीची देवता पूज्य होती. आजच्या नायजेरियांत मोडणाऱ्या जुन्या बेनिन राज्याच्या प्रसिद्ध पितळी कामांत राजाच्या पायांच्या जागीं मासे दाखविलेले दिसतात. राजा आणि ओलोकुन यांचें नातें त्यांतून सूचित केलेलें असतें. तेव्हां अर्धें माणूस आणि अर्धा मासा हें रूप तेथील डोळ्यांना नवें नव्हतें. नवें होतें तें एवढेंच कीं, समुद्रापलीकडून आलेल्या माणसांजवळहि तसेंच एक रूप होतें.

या भेटींत आणखी एक गोष्ट होती, आणि ती विसरून चालणार नाहीं. समुद्रांतून येणाऱ्या त्या जहाजांत कापड, पितळ, आरसे, मद्य, बंदुका असा अपार माल असे. आणि परत जातांना तीं जहाजें माणसें भरून नेत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारें सव्वा कोटि आफ्रिकी स्त्रीपुरुष अशा रीतीनें गुलाम म्हणून जहाजांवर चढविले गेले. समुद्र संपत्ति देतो, आणि समुद्र घरचीं माणसें ओढून नेतो, असा दुहेरी अनुभव किनाऱ्यावरच्या पिढ्यान् पिढ्यांनीं घेतला. मामी वाटाच्या स्वभावांत हा दुहेरीपणा पुरा उतरलेला आहे. ती प्रसन्न झाली तर पैसा, रूप आणि यश देते. पण ती मत्सरी आहे, भक्ताकडून अनन्य निष्ठा मागते, आणि वचन मोडणाऱ्याचा सर्वनाश करते. पाण्याच्या कांठीं तिची फणी किंवा आरसा एखाद्या पुरुषाला सांपडतो, मग ती स्वप्नांत येऊन आपली वस्तु आणि त्याची निष्ठा अशा दोन्ही गोष्टी मागते, अशा कथा त्या प्रदेशांत सांगितल्या जातात. तिचें नांवहि या भेटींतूनच जन्मलें. किनाऱ्यावरच्या व्यापारी बाजारांत इंग्रजी आणि देशी भाषा यांची जी मिश्र बोली तयार झाली, तिच्यांत 'मामी वाटा' म्हणजे पाण्याची आई.

आतां हँबुर्गकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें कार्ल हागेनबेक नांवाचा वन्य प्राण्यांचा एक बडा व्यापारी होता. हत्ती, सिंह, माकडें तो जगभरांतून आणवी आणि यूरोपच्या प्राणिसंग्रहालयांना व सर्कशींना विकी. १८७० नंतरच्या दशकांत त्यानें प्राण्यांच्या जोडीला माणसांचीं प्रदर्शनें भरविण्यास सुरुवात केली. लॅपलँड, नुबिया, सिंहलद्वीप अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आणलेलीं कुटुंबें कुंपणाच्या आंत आपापल्या झोपड्यांसह बसविलीं जात, आणि तिकीट काढून आलेले नागरिक त्यांना न्याहाळीत. या प्रदर्शनांसाठीं आणि सर्कशींसाठीं भडक रंगांचीं जाहिरातपत्रें लागत. तीं छापण्यांत हँबुर्गच्याच आडोल्फ फ्रीडलेंडर याच्या शिळाछापखान्यानें मोठें नांव मिळविलें होतें. १८८७ च्या सुमारास याच छापखान्यांतून एका गारुडिणीचें चित्र बाहेर पडलें.

चित्रांतली स्त्री समोर पाहते आहे. तिचे काळे, दाट, कुरळे केंस मध्यें भांग पाडून दोन्ही बाजूंना फुगून आलेले आहेत. अंगांत नक्षीदार कांचोळी, हातांत दागिने, अंगाभोंवतीं सर्पांचे वेढे. एका कोपऱ्यांत लहानशा चौकटींत पुंगी वाजविणारी एक आकृति आहे आणि तिच्याभोंवतीं सर्प डोलत आहेत. मुख्य आकृतीचे पाय मात्र चित्रांत नाहींत. ही स्त्री कोण, याविषयीं जी हकीकत मिळते ती अशी कीं, हागेनबेकच्या पदरच्या एका शिकाऱ्यानें आग्नेय आशियांतून लग्न करून आणलेल्या पत्नीवरून हें चित्र काढलें गेलें. ती सर्पांचे खेळ करी, आणि तिचें रंगमंचावरचें नांव आपल्या नल-दमयंतीच्या नांवांचा मोडका उच्चार वाटावा असें होतें. त्याच काळांत 'नाला दमयंती' याच नांवानें दुसरीहि एक गारुडीण यूरोप-अमेरिकेच्या सर्कशींत गाजत होती. तिला हिंदु स्त्री म्हणून मिरविलें जाई. ती जन्मानें फ्रेंच होती असें पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें. सारांश, हें चित्र ज्या हिंदुस्थानचें म्हणून विकलें जात होतें, तो हिंदुस्थान बराचसा हँबुर्ग आणि पॅरिस येथील तिकीटविक्रीच्या खिडकीपाशीं तयार झालेला होता.

हँबुर्गच्या व्यापारी पेढ्यांचा पश्चिम आफ्रिकेशीं मोठा व्यवहार होता. टोगो आणि कामेरून हे मुलूख १८८४ सालीं जर्मनीच्या ताब्यांत गेले, आणि हँबुर्गचीं जहाजें त्या किनाऱ्यावर नेमानें जाऊं-येऊं लागलीं. खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सामानांतून गारुडिणीचें चित्रहि तिकडे पोंचलें. तें फार लवकर पोंचलें याला पुरावा आहे. नायजर नदीच्या मुखाशीं बॉनी नांवाचें बंदर आहे. तेथें १९०१ सालीं घेतलेल्या एका छायाचित्रांत जलदेवतेच्या नृत्यांत डोक्यावर धारण करावयाचा एक लाकडी मुखवटा दिसतो. फुगलेले केंस, मधला भांग, हातांतले सर्प, सगळें त्या छापील चित्राबरहुकूम आहे. म्हणजे जाहिरात छापली गेल्यापासून अवघ्या पंधरा वर्षांच्या आंत तिच्यावरून देवतेची मूर्ति घडलेली होती.

हें कसें झालें? चित्र सुंदर होतें, भडक होतें, एवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. यूरोपांतून असलीं शेंकडों चित्रें त्या बंदरांत येत होतीं. त्यांतलें नेमकें हेंच निवडलें गेलें. पश्चिम आफ्रिकेच्या अनेक समाजांत सर्प हा जलदेवतांचा दूत मानला जातो. पूर्वीं दाहोमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांत दान हा सर्परूपी देव इंद्रधनुष्यांत वास करतो आणि संपत्ति देतो अशी श्रद्धा आहे. अशा मुलुखांत, जिच्या अंगावर सर्प निर्भयपणें खेळतात, जिचें रूप आपल्यापैकीं कोणासारखें नाहीं आणि गोऱ्यांसारखेंहि नाहीं, अशी स्त्री समुद्रापलीकडून चित्ररूपानें आली. ती साधी मानवी असणें शक्य नव्हतें. तिचे पाय चित्रांत दिसत नव्हते हेंहि सोयीचेंच झालें. न दिसणाऱ्या भागांत पाहणाऱ्याला माशाची शेपटी कल्पितां आली. त्यामुळें पुढच्या कोरीव कामांत कोठें ती सर्पधारिणी म्हणून, कोठें मत्स्यकन्या म्हणून, तर कोठें दोन्ही मिळून एकाच देहांत दिसते.

इकडे आपल्या देशांत त्याच काळीं त्याच यंत्रांनीं दुसरी एक घडामोड चालली होती. पुण्यांत १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं चित्रशाळा स्थापन केली, आणि देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत शिळाछाप चित्रें सामान्य माणसाच्या घरांत जाऊं लागलीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत आपला छापखाना काढला. तेथें जर्मन यंत्रें होतीं आणि जर्मन कारागीरहि होते. पुढें तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. पाण्यांतल्या कमळावर उभी राहिलेली रविवर्म्यांची लक्ष्मी महाराष्ट्रांतील किती देव्हाऱ्यांत आणि किती दुकानांत विराजमान झाली, याची गणति करणें कठीण आहे. हँबुर्गच्या जाहिरातीला आणि मळवलीच्या लक्ष्मीला रंगरूप देणारी विद्या एकच होती. दोघींचा मार्ग एके ठिकाणीं मिळणार होता, आणि तें ठिकाण होतें पश्चिम आफ्रिकेंतला बाजार.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिंधी आणि इतर भारतीय व्यापाऱ्यांनीं घाना, नायजेरिया वगैरे देशांत दुकानें थाटलीं. व्यापारी जेथें गेला तेथें त्याची लक्ष्मीहि गेली. गल्ल्याच्या वर तसबीर, तिला रोज फुलांची माळ, उदबत्ती, संध्याकाळीं दिवा. ज्या गिऱ्हाइकांनीं हें पाहिलें त्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून दिला नव्हता. त्यांनीं तो आपल्या परीनें लावला. हा माणूस समुद्रापलीकडून आला आहे, सधन आहे, आणि पाण्यांत उभ्या असलेल्या एका सुंदर स्त्रीची नित्य पूजा करतो. त्याच्या सधनतेचें कारण उघड होतें. लक्ष्मी ही मामी वाटाच होती. आपल्याकडे या तर्काला हंसण्याचें कारण नाहीं. समुद्रमंथनांतून निघालेल्या लक्ष्मीला आपले कवीहि सिंधुतनया आणि क्षीराब्धिकन्या म्हणत आले आहेत. संपत्तीची देवता पाण्यांतून वर येते हें सत्य त्या गिऱ्हाइकानें दुकानाच्या उंबऱ्यांत उभें राहून ओळखलें, असेंच म्हटलें पाहिजे.

भारतीय तसबिरींना तेथें मागणी येऊं लागली. अशा वेळीं हँबुर्गच्या त्या जुन्या चित्राचा पुनर्जन्म झाला. घानांतील कुमासी शहराच्या व्यापाऱ्यांनीं मूळ चित्राची एक प्रत मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीकडे पाठविली, आणि १९५५ सालीं या कंपनीनें तिच्या १२,००० प्रती हुबेहूब छापून कुमासीला रवाना केल्या. आफ्रिकेंतील कलेचे अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनीं या देवतेवर अनेक वर्षें संशोधन केलें. त्यांच्या लेखनांमुळें हा व्यवहार सर्वांस माहीत झाला आहे. या बारा हजार प्रती बाजारांत आल्यावर, ज्या गांवीं पूर्वी मुखवटे घडविणाऱ्यानें ऐकीव वर्णनावर काम भागविलें असेल तेथेंहि भिंतीवर तसबीर लटकूं लागली. मुंबईच्या कामगारांनीं छापतांना तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें असेल? त्यांच्या लेखीं ती परदेशची एक मागणी होती, ठरल्या मुदतींत पुरी करावयाची. आठवड्याभरांत त्याच यंत्रावर एखादा गणपति किंवा एखादी सिनेनटी चढली असेल.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें याहूनहि लक्षवेधी असा भाग पुढेंच आहे. भारतांतून गेलेल्या तसबिरींत दत्तात्रेयाचीहि तसबीर होती. तीन शिरें, सहा हात, मागें गाय आणि पायांशीं चार श्वान, हें रूप नरसोबाची वाडी, औदुंबर, माहूर येथें जाणाऱ्या भाविकाला वेगळें सांगावयास नको. टोगो, बेनिन आणि घाना यांच्या किनाऱ्यावर हीच तसबीर देन्सु या जलदेवाची म्हणून पूज्य झाली. देन्सु हें घानांतील एका नदीचेंहि नांव आहे. तो मामी वाटाच्या परिवारांतला पुरुषदेव. त्याला कोठें कोठें 'पापी वाटा' म्हणजे पाण्याचा बाप असेंहि म्हणतात. त्याच्या मूर्ति तीन शिरांच्या घडविल्या जातात, आणि देवळाच्या भिंतींवर तो तसाच रंगविला जातो. हनुमंत आणि इतर भारतीय देवहि तेथील कांहीं देव्हाऱ्यांत आहेत, आणि समुद्रापलीकडच्या या सगळ्या दैवतांना मिळून तेथें 'इंडिया'चे देव म्हणतात. हा 'इंडिया' भूगोलांतला देश नव्हे. तो समुद्राच्या तळाशीं किंवा क्षितिजापलीकडे असलेला देवतांचा प्रदेश आहे.

या पूजेचें स्वरूप पाहिलें म्हणजे तिच्यांतली सुसंगति ध्यानांत येते. एका मेजावर शुभ्र वस्त्र अंथरतात. त्यावर आरसा, फण्या, अत्तरें, सुवासिक पावडर, बाहुल्या, गोड पेयांच्या बाटल्या मांडतात. मामी वाटा परदेशची आणि श्रीमंत आहे, तेव्हां तिला तिच्या सवयीच्या वस्तु अर्पण करणें हें यजमानाचें कर्तव्य ठरतें. ज्यांना वारंवार पाण्याचीं स्वप्नें पडतात, ज्यांचा आजार औषधाला दाद देत नाहीं, ज्या स्त्रियांना मूल होत नाहीं, त्यांना या देवतेनें बोलावणें धाडलें आहे असें मानण्यांत येतें. दीक्षा घेतलेल्या भक्तांत आणि पुजाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. संसारांत जिला मान मिळाला नाहीं, तिला येथें अधिकार मिळतो. हा प्रश्न किती खोल जातो हें फ्लोरा न्वापा या नायजेरियन लेखिकेनें १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एफुरू' या कादंबरींतून दाखविलें आहे. तिची नायिका कर्तबगार आहे, व्यापारांत यशस्वी आहे, परंतु संसार तिला लाभत नाहीं. उहामिरी नांवाची सरोवराची देवता तिला आपली उपासक म्हणून निवडते. ही देवता आपल्या उपासकांना धन आणि रूप देते, मूल देत नाहीं. पुत्रवती असणें हेंच जेथें स्त्रीचें सार्थक मानलें जाई, तेथें या देवतेच्या छायेंत अशा स्त्रीच्या आयुष्याला वेगळा अर्थ मिळूं शकत होता.

हेंच चित्र अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावरहि गेलें. गुलामांच्या वंशजांनीं आपल्या जलदेवता तेथें आधींच नेल्या होत्या. हैती बेटांत लासिरेन नांवाची मत्स्यकन्या पूजिली जाते, आणि ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरांत २ फेब्रुवारी रोजीं समुद्रदेवता इमांजा हिला फुलें आणि अत्तरें अर्पण करण्यासाठीं हजारों लोक किनाऱ्यावर जमतात. डोमिनिकन प्रजासत्ताकांत तर हँबुर्गची गारुडीणच सांता मार्ता ला दोमिनादोरा, म्हणजे सर्वांना वश करणारी संत मार्था, या नांवानें देव्हाऱ्यांत बसली आहे. मध्ययुगीन कथेंत संत मार्थेनें एका अजगरासारख्या राक्षसाला वश केलें होतें. त्या कथेशीं या चित्रांतले सर्प जुळले, एवढें तिला पुरें झालें.

सर्वांनींच तिचें स्वागत केलें असें नाहीं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पश्चिम आफ्रिकेंत ज्या नव्या ख्रिस्ती पंथांचा जोर वाढला, त्यांच्या प्रवचनांत मामी वाटा ही सैतानाची हस्तक ठरली. घाना आणि नायजेरिया येथील अनेक स्वस्त चित्रपटांत, झटपट श्रीमंतीच्या लोभानें तिच्याशीं करार करणारा पुरुष शेवटीं कुटुंबासह नष्ट होतो, असेंच कथानक असे. तिकडे काँगोमधील लुबुम्बाशी या तांब्याच्या खाणींच्या शहरांत १९७० नंतर मध्यमवर्गीय माणसाच्या बैठकीच्या खोलींत तिचें रंगविलेलें चित्र हमखास आढळे. तेथें तिला 'मांबा मुंतु' म्हणत. मांबा म्हणजे सुसर आणि मुंतु म्हणजे माणूस. नोकरी, पगार, अचानक हातीं येणारा आणि तसाच निसटणारा पैसा या नव्या अनुभवांविषयीं बोलण्यासाठीं त्या शहराला हें जुनें चित्र उपयोगी पडलें. निंदा करणारे आणि पूजा करणारे या दोघांनाहि ती धनाविषयींच विचार करावयास लावीत होती.

इतका इतिहास पाहिल्यावर एका ताज्या वादाकडे वळणें योग्य होईल. अँडरसनच्या कथेवरचा डिस्ने कंपनीचा नवा चित्रपट २०२३ सालीं प्रदर्शित झाला, आणि त्यांत हॅली बेली या कृष्णवर्णी गायिकेनें मत्स्यकन्येचें काम केलें. तिची निवड २०१९ सालीं जाहीर झाल्यापासूनच, मत्स्यकन्या काळी असूं शकत नाहीं, असा गिल्ला अमेरिकेंत आणि अन्यत्र कित्येकांनीं केला. त्याच २०२३ सालीं नायजेरियाचा दिग्दर्शक सी. जे. ओबासी याचा 'मामी वाटा' हा कृष्णधवल चित्रपट अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत दाखविला गेला आणि त्याच्या छायाचित्रणाला पारितोषिक मिळालें. पहिल्या चित्रपटावर जितका कोलाहल झाला त्याचा शतांशहि दुसऱ्याच्या वांट्याला आला नाहीं. मत्स्यकन्या मूळची कोणाची, हा प्रश्न विचारणाऱ्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्याची आठवण झाली नाहीं. सापी कारागिरांनीं ती हस्तिदंतांत कोरली त्यानंतर तीन शतकांनीं अँडरसन लिहूं लागला, हें त्यांना ठाऊक नव्हतें.

पण उलट बाजूनें, ती मूळची आफ्रिकेचीच, असा दावा करणेंहि या इतिहासाला धरून होणार नाहीं. मामी वाटाचे उपासक स्वतःच तसा दावा करीत नाहींत. ती परकी आहे, दूरची आहे, समुद्रापलीकडची आहे, हाच त्यांच्या भक्तीचा पाया आहे. जर्मन जाहिरात, भारतीय तसबीर, यूरोपीय आरसा, ज्या ज्या परक्या वस्तूंत त्यांना आपल्या जुन्या जलदेवतेची खूण पटली ती ती त्यांनीं घेतली आणि तिला आपल्या दुःखाशीं आणि आशेशीं जोडलें. वरवर पाहणाऱ्या परदेशी प्रवाशाला यांत नुसती नक्कल दिसे. पण नक्कल करणारा आपला अर्थ टाकून दुसऱ्याचा घेतो. येथें दुसऱ्याचें चित्र घेऊन अर्थ आपला ठेवलेला आहे. मुंबईच्या छापखान्यानें चित्र जसेंच्या तसें छापलें खरें, तरी त्या १२,००० प्रतींपैकीं एकहि प्रत हँबुर्गला होती त्या अर्थानें कुमासीच्या बाजारांत राहिली नाहीं.

यांत एक उणीव राहतेच. ज्या स्त्रीवरून हें चित्र काढलें गेलें, तिला या सगळ्याची वार्ता कधीं लागली असेल असें दिसत नाहीं. तिनें सर्प अंगावर खेळविले, प्रेक्षकांनीं पैसे मोजले, आणि तिचें खरें नांव जाहिरातीच्या कागदावर कोणी छापलें नाहीं. पुढें तीन खंडांतल्या माणसांनीं तिच्या मुखाकडे पाहून नवस बोलले, मुलें मागितलीं, व्यापारांत यश मागितलें. ज्या देशाचें नांव तिच्यावर चिकटविलें होतें त्या देशांत ती पुन्हां छापली गेली, पण येथल्या भिंतींवर तिला जागा मिळाली नाहीं. आपल्या घरांतील कॅलेंडरावरचा दत्त मात्र समुद्रापलीकडे देन्सु झाला आहे, आणि तेथल्या कोळ्याला आणि बाजारकरणीला तो आपलाच वाटतो.